मास्तरांचं वीस

व्यायामशाळा चालवणाऱ्या मास्तरांनी रक्ततपासणीचा कागद फ्रेम करून भिंतीवर टांगला, तेव्हा धाकट्या बहिणीने कपाळावर हात मारला. हिमोग्लोबिन वीस! इतरांचं चौदा-पंधरा, म्हणजे हे जणू परीक्षेत पहिले आले. तोंड लालबुंद, डोकं कायम दुखतंय, अंघोळ केली की अंगभर खाज सुटते, तर म्हणे साबणच भिकार. बहीण प्रयोगशाळेत रोज रक्तच तपासते, पण पिकतं तिथे विकत नाही.

तिने नीट समजावलं होतं. रक्तात लाल पेशी नको इतक्या वाढल्यात, रक्त दाट झालंय, कुठेही गुठळी अडकेल. सध्या दर आठवड्याला पिशवीभर रक्त काढून टाकायचं, एवढं डॉक्टरांनी सांगितलंय. मास्तर एकदा गेले. छाती काढून बसले आणि उठताना रक्तदात्याचं प्रमाणपत्र मागितलं. हे रक्त कुणाला देत नाहीत, टाकून देतात, असं नर्सने सांगताच गृहस्थ तरातरा घरी. आमचं रक्त कचऱ्यात? पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. वरून गेलेलं भरून काढायला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. धन्य आहे!

शेवटी तिने व्यायामशाळेत, सगळ्या शिष्यांदेखत तोंड सोडलं.

"दादा, रक्त वीस आहे तुझं. अक्कल तपासली असती तर कागद कोराच आला असता."

शिष्य खो खो हसले. मास्तरांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. एकाच घरात राहून महिनाभर अबोला. तिलाही काही कमी माज नव्हता.

मग एका सकाळी चहा पिताना मास्तरांच्या उजव्या हातातून कप निसटला. दुसरा दिला, तोही निसटला. कपच बुळबुळीत, असं ते ओशाळून बायकोला म्हणाले. बहीण दारात चपला घालत होती. हे काय आहे, ते तिला पक्कं कळलं. येऊ दे नाक मुठीत धरून, मग बघू, असं मनात म्हणत ती कामावर निघून गेली.

दुपारी फोन आला. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती.

सकाळी काही लक्षण दिसलं होतं का, वेळेत आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीला हुंदका आवरेना.

"मला मेलीला काय कळतंय? वन्सं, तुम्ही बघितलं असतं तर तुम्ही थांबवलंच असतं."

बहिणीने मान वर केली. मास्तर खाटेवरून तिच्याकडेच बघत होते. सकाळी ती दारात उभी होती, हे त्यांनी पाहिलं होतं.