दस्तीखालचा हात

आखाडा बाळापूरला आठवडी बाजार भरला की जनावरांपेक्षा जास्त गर्दी गावाबाहेरच्या लिंबाखाली होते. तिथं गाड्या असतात. विकणारे चार आणि बघणारे चाळीस. ज्याच्या दारात धड सायकल नाही, तोही बॉनेटवरून हात फिरवत हिला रिसेल काय येईल यावर तास तास घालवतो. थारवाला फॉर्च्युनरवाल्याला हिणवतो, फॉर्च्युनरवाला थारला खेळणं म्हणतो, आणि पांढऱ्या रंगाला भाव जास्त की काळ्या, यावर दोघं एकमेकांची अक्कल काढतात. चहा तेवढा तिसऱ्याच्या नावावर होतो.

बोलण्यातला भाव वेगळा आणि सौद्यातला वेगळा. सौदा इथं अजून बैलांच्या बाजारासारखाच होतो, दस्तीखाली. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर दस्ती टाकतात, म्हणजे साधा रुमाल, आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट दाबलं की एक लाख. नुसती मूठ दाबली की गाडी घ्यायची नाही. आत काय झालं ते बाहेर कुणी विचारायचं नाही, असा रिवाज आहे, आणि भल्याभल्यांची लबाडी त्या रिवाजाखाली झाकली गेली आहे.

घेणाऱ्याच्या वतीनं हात द्यायला बहुतेक वेळा हरिचंद असायचा. तीस वर्षं डेंटरचं काम केलेला, म्हणजे ठोकलेला पत्रा सरळ करणारा. गाडीचे नंबर त्याच्या कधी ध्यानात राहत नसत, पण एकदा हाताखालून गेलेला पत्रा तो डोळे झाकून ओळखायचा. माणूस मोठा बेरकी. गाडी कितीही देखणी असो, तो आधी चारचौघांत तिला नावं ठेवायचा. मालकाचा चेहरा उतरला की दस्ती मागायचा. त्याच्या या नाटकाची लोकांना इतकी सवय झाली होती की तो तोंड उघडायच्या आतच पोरं हसायला लागायची. त्याची स्वतःची एक जुनी जीप होती, वीस वर्षं एकेक नट जमवून उभी केलेली. तिला लोकांनी वाटेल तो भाव सांगून पाहिला, त्यानं कधी हात पुढं केला नाही.

त्या दिवशी दुपारी लिंबाखाली एक मोरपंखी गाडी येऊन उभी राहिली आणि सगळे वाद बंद पडले. लांबसडक, जुन्या बांधणीची, कंपनीनं कधीच बनवायची बंद केलेली. उन्हात तिचा रंग क्षणात निळा, क्षणात हिरवा दिसायचा. शंकरसिंग नावाचा वाशीमकडचा माणूस ती घेऊन आला होता. तो उतरला आणि गाडीपासून चांगली दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला. आपल्या गाडीचं कौतुक ऐकायला मालक जवळ घुटमळतो, हा मात्र पाठ करून विडी ओढत होता. हरिचंदला ते खटकलं.

बाकीच्यांना काही खटकलं नाही. एकजण म्हणाला, असली गाडी हौशी माणसाला विकली तर दुप्पट येतील. दुसरा म्हणाला, पार्ट मिळत नाहीत, भंगाराच्या वर कुणी देणार नाही. तिसऱ्यानं रंगाचेच लाखभर धरले. आणि हरिचंदचा जावई संतोष, साखऱ्याहून सकाळीच आलेला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारून सासऱ्याजवळ आला. त्याच्या बायकोला, हरिचंदच्या लेकीला, वैष्णवीला सातवा महिना लागला होता. साखऱ्याच्या रस्त्यानं तिला मोटारसायकलवर दवाखान्यात न्यायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

"मामा, मागची सीट पलंगावानी हाय. वैष्णवी आरामात आडवी पडंल," तो म्हणाला. "हीच घ्यायची."

हरिचंदनं मान डोलावली आणि गाडी तपासायला लागला. बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत तो पुढून मागं आला. दोन दारांच्या मधल्या खांबाशी आवाज बदलला. त्यानं दाराचं रबर जरा ओढून पाहिलं. रंगाखाली वेल्डिंगची बारीक रेघ होती, दर बोटभर अंतरावर डावीकडे मुरड घेतलेली. तशी मुरड सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस द्यायचा. तो माणूस म्हणजे हरिचंद.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. याच बांधणीच्या दोन ठोकलेल्या गाड्या त्यानं आणल्या होत्या. एकीचं पुढचं अंग धड होतं, दुसरीचं मागचं. दोन्ही मधोमध कापून त्यानं एक गाडी केली, पांढरा रंग दिला आणि याच लिंबाखाली, याच दस्तीखाली, बिनअपघाताची म्हणून नरसी नामदेवच्या दत्तोपंत मास्तरांना विकली. मास्तरांच्या बायकोनं, प्रेमाबाईंनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि हरिचंदच्या तळहातावर पेढा ठेवला. त्यांची करंगळी आत वळलेली होती, सरळ होत नव्हती. लहानपणी विळा लागला, असं त्या हसून म्हणाल्या होत्या. आठ महिन्यांनी एका ट्रॉलीचा जरासा धक्का लागला आणि गाडी एका बाजूनं जोडावर उघडली. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही. मागं बसलेल्या प्रेमाबाई जागीच गेल्या.

बातमी आली तेव्हा लिंबाखाली त्या मोडक्या गाडीला भंगारात काय येईल यावर चर्चा झाली होती. हरिचंदनंही आपला भाव सांगितला होता. त्यानंतर कितीतरी रात्री त्याला झोप लागली नाही, पण नरसीला जाऊन तोंड दाखवायची हिंमत काही झाली नाही. गाडी भंगारात गेली असंच तो धरून चालला होता. कुणीतरी तिला पुन्हा जोडून, मोरपंखी करून रस्त्यावर आणलं होतं.

तो सरळ होतो न होतो तोवर संतोषनं शंकरसिंगला ओढत आणलं. कुणीतरी हरिचंदचा हात त्याच्या हातात दिला आणि वर दस्ती टाकली. हरिचंदनं ठरवलं, मूठ दाबायची आणि मोकळं व्हायचं.

शंकरसिंगचा पंजा जाडाभरडा होता, हे त्यानं दस्ती पडायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दस्तीखाली त्याच्या बोटांना लागला तो हात लहान होता. गार, ओलसर. मनगटात काचेच्या बांगड्या होत्या. हरिचंदनं हात मागं घ्यायला पाहिलं तर त्या हातानं त्याचा तळवा उलगडला आणि त्यावर हलकेच काहीतरी ठेवल्यासारखं केलं. मग करंगळी टेकली. ती आत वळलेली होती.

हरिचंद एक पाऊल मागं सरला. त्यानं दस्ती ओढून काढली. खाली शंकरसिंगचाच केसाळ पंजा होता, आणि शंकरसिंग त्याच्याकडं टक लावून बघत होता.

हरिचंदनं मग जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. चाळीस माणसांसमोर तो खरं बोलला. "ही गाडी मधून कापलेली हाय. जोड मी लावला. हिच्यात एक बाई मेली, माज्यामुळं मेली. फुकट दिली तरी हिच्यात बसू नका."

 मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळा लिंब हसायला लागला. आजवर त्यानं गाड्यांना किती नावं ठेवली होती, पण आज कळस केला, असं सगळ्यांचं मत पडलं. भाव पाडायला माणूस स्वतःवर खून घेतो म्हणजे गाडीत दम असणार. जो भंगार म्हणत होता तोच आता आपण घेतो म्हणून पुढं सरसावला. हरिचंदनं रबर ओढून जोड दाखवला, तर पोरं म्हणाली, कंपनीचाच असंल. त्यानं संतोषचा दंड धरला, लेकीची शपथ घातली. संतोषनं डोळा मारला आणि कानात म्हणाला, "बास झालं मामा. मालक ढिला पडला बघा."

आणि शंकरसिंग खरंच ढिला पडला होता. मागाल त्या किमतीला देतो म्हणाला. संतोष खिशात हात घालायला लागला.

हरिचंदला भडभडून आलं. तीस वर्षं खोटं बोलला तेव्हा लोकांनी सगळं खरं मानलं, आणि आज पोटच्या पोरीसाठी खरं बोलला तर कुणी ऐकायला तयार नव्हतं. या लोकांना एकच भाषा कळत होती. त्यानं खिशातून आपल्या जीपची किल्ली काढली आणि शंकरसिंगच्या हातावर ठेवली.

"माजी जीप घ्या. ही मला द्या," तो म्हणाला.

आता कुणी हसलं नाही. ज्या जीपला हा माणूस कुणाला हात लावू देत नव्हता, ती त्यानं वर एक रुपया न मागता देऊन टाकली. म्हणजे मोरपंखी गाडीची खरी किंमत यालाच ठाऊक, आणि ती जावयाच्या हातून काढून घ्यायला यानं एवढं रामायण रचलं, असा हिशोब सगळ्यांनी मनातल्या मनात केला. संतोषचा चेहरा काळाठिक्कर पडला. सासरा झाला तरी एवढ्या खालच्या पातळीला जाईल असं वाटलं नव्हतं, एवढंच तो म्हणाला, मोटारसायकलला किक मारली आणि मागं न बघता निघून गेला.

कागद देताना शंकरसिंग जवळ सरकला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुमालाबी लागला ना तो हात?" त्यानं विचारलं. "चार बाजार फिरलो. दस्ती टाकली की घेणारा हात झटकून पळते. तुमी का न्हाई पळाले?"

हरिचंदनं कागद घडी करून खिशात घातले. शंकरसिंग जीपमध्ये बसला आणि इतक्या घाईनं निघाला की आरसासुद्धा नीट केला नाही.

ऊन उतरायला लागलं होतं. हरिचंद गाडीत बसला. सगळ्या काचा बंद होत्या तरी आत ताज्या पेढ्याचा वास होता. बाळापूर मागं पडलं तेव्हा फोन वाजला. वैष्णवी होती. संतोषनं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण ती आधी नुसतीच रडत राहिली.

"अप्पा, एकच सांगा," ती म्हणाली. "माज्यापरीस गाडी जास्त झाली का तुमाला?"

खरं सांगावं असं त्याच्या ओठावर आलं. पण तिनं विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तरी रुसवा गेल्यावर बापाला भेटायला आली असती, गाडीच्या दाराला टेकली असती, एखाद्या दिवशी आत बसलीही असती. पोरगी मायाळू होती, त्याचंच त्याला भय वाटलं.

"व्हय," हरिचंद म्हणाला. "माज्या दारात येऊ नको आता. अन् ह्या गाडीला तर शिवूबी नको."

तिकडून फोन कट झाला. हरिचंद स्टिअरिंगवर डोकं न टेकवता, रस्त्यावरची नजर न काढता रडला, हुंदके देत, लहान पोरासारखा. मागच्या सीटवर बांगड्या वाजल्या, कुणी पदर आवरून नीट सावरून बसावं तशा. त्यानं आरशात पाहिलं नाही. आपल्या गॅरेजकडं जायचा फाटा आला तसा गेला, त्यानं गाडी वळवली नाही. पुढं कळमनुरी होतं, मग हिंगोली, मग नरसी. तिथं पोचल्यावर मास्तरांचं घर कुणाला तरी विचारावं लागणार होतं.