सुकन्याचा आज्जा

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव 'आज्जा'. पुस्तकात माझा भांग पाडून मला 'आजोबा' करतात, पण इंदापूर-बारामतीकडं मी असाच. आईचा बाप असो की बापाचा, दोघांनाही मी पुरतो. 'आजा मेला, नातू झाला, घरात माणसं तेवढीच' या म्हणीत मला मारलंय खरं, पण घराबाहेर कुणी काढलं नव्हतं.

मित्रांनो, मी चिडलो आहे. आज गोड बोलणार नाही.

अंथुर्ण्याच्या साखरबाईला माझी फार गरज. तिच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. चाळीस वर्षं तिनं तात्याबाला नुसतं 'अवं' म्हणून भागवलं. नात झाली आणि तिला मी मिळालो. "सुकन्याचा आज्जा, भाकरी खायला या!" मेंढरांच्या गलक्यातही तात्याबा लगेच मान वळवायचा. काय रुबाब होता माझा!

शहाण्णव सालच्या दिवाळीत, मेंढरं भावकीकडं सोपवून, दोघं वालचंदनगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. सून मनिषानं पहिल्याच दिवशी मला उंबऱ्याबाहेर काढलं.

"आत्याबाई, हितं आज्जा-बिज्जा म्हणू नका. लोक हसत्यात. सुकन्या, ग्रँडपा म्हण."

कोण हसलं होतं हो? एकाचं तरी नाव सांगा!

चौथ्या दिवशी तात्याबा रस्त्यानं पुढं चालला होता. मागून साखरबाई, तिच्या बोटाला सुकन्या. बोळातून उसाची ट्रॉली रिव्हर्स येत होती आणि तात्याबाला त्या बाजूच्या डोळ्यानं दिसत नव्हतं. पोर ओरडली, "ग्रँडपा! ग्रँडपा!" तात्याबाला वाटलं, असेल कुणी साहेब. तो चालतच राहिला.

मी साखरबाईच्या ओठावर आलो. सुनेच्या धाकानं तिनं मला गिळलं, आणि जे कधीच निघालं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं. "तात्याबा!"

तो जागीच थिजला. ट्रॉली हातभर अंतरावरून गेली.

"चारचौघांत नाव घितलंस माझं?" तो संतापून म्हणाला.

"मग कशानं हाक मारू? हितं मला दुसरी हाक ठिवलीय काय?" म्हणत साखरबाई रस्त्यातच बसून रडली.

मित्रांनो, इंग्रजी खुशाल शिका, मला त्याचं वावडं नाही. पण ज्या हाकेला म्हातारं माणूस वळून बघतं, ती हाक तुमच्या शोभेसाठी हिसकावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं अंथुर्ण्याला परतली. 'राहा' म्हणायला कुणीही बाहेर आलं नाही.