पुसू नका, वन्सं!

डाव्या कडेला तडा गेलेला मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम एका स्वयंपाकघरात आहे. पण माझा जन्म सुताराच्या दुकानातला. त्याने तीन फळ्या घासून जोडल्या, त्यांवर काळ्या रंगाचे हात दिले आणि मी शाळेच्या प्रयोगशाळेत दाखल झालो. रसायनशास्त्राच्या बाई म्हणत, "याच्यावर खडू कसा लोण्यासारखा फिरतो!" पुढे चकचकीत पांढरा फळा आला आणि माझी रवानगी मोडक्या स्टुलांमागे झाली. तिथे धूळ खात पडलेल्या मला बाईंनीच एके दिवशी हातगाडीवर घालून घरी आणलं.

कारण होत्या त्यांच्या वहिनी. वहिनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात गठ्ठे उचलत. त्यांची पाठ पार कामातून गेली होती. "ओझं उचलणं बंद करा, नाहीतर अंथरूण धराल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होती, पण लेखी परीक्षा द्यावी लागे. वहिनी एकदा नापास झाल्या होत्या. आता एकच संधी उरली होती.

रोज संध्याकाळी माझ्यासमोर शिकवणी बसू लागली. बाई हुशार, पण रागीट. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, हे समीकरण जुळवायला त्यांनी सांगितलं. वहिनींनी लिहिलं:

H₂ + O₂ → H₂O₂

"दोन्हीकडे दोन-दोन झाले. जुळलं!" वहिनी खूश.

"अगं, हे पाणी नाही, जखम धुवायचं औषध झालं!" बाई कडाडल्या. "रेणूच्या पोटातला आकडा बदलायचा नाही, कितीदा सांगू? पालथ्या घड्यावर पाणी!" आणि त्यांनी फडक्याच्या एका फटकाऱ्यात सगळं पुसून टाकलं.

असं रोज व्हायचं. चूक पुसली जायची, बाई बरोबर उत्तर लिहायच्या, वहिनी मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच अडायच्या. एकदा मात्र फडकं वर जाताच वहिनींनी बाईंचा हात धरला.

"पुसू नका, वन्सं. तुम्ही पुसता, मग मी कुठे चुकले ते मला कळणार कसं?"

बाईंचे दादा ओट्याशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "तुमच्या या पाण्यापायी माझं चहाचं पाणी आटलं."

बाईंना हसू फुटलं. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि त्या खुर्चीत बसल्या. वहिनींनी चुकलेल्या समीकरणाखाली गोल काढायला घेतले. हायड्रोजनचे लहान, ऑक्सिजनचे मोठे. एक पाणी तयार झालं.

"हा एक ऑक्सिजन उरला," वहिनी पुटपुटल्या. "त्याला टाकून कसं चालेल? म्हणजे आणखी एक पाणी करायला हवं. मग हायड्रोजनही आणखी लागेल..." आणि त्यांनी लिहिलं:

2H₂ + O₂ → 2H₂O

"आता दोन्हीकडच्या वजनाचा हिशेब कर," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता.

"हायड्रोजन चार ग्रॅम, ऑक्सिजन बत्तीस. पाणी छत्तीस." वहिनींनी डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली. "वन्सं, कुठे काही हरवलंच नाही!"

परीक्षेत त्यांची दोन गणितं चुकली, तरी त्या पास झाल्या. आता त्या कारखान्यात स्टुलावर बसून रंग मोजून मिसळतात. पाठ अजून दुखते, पण गठ्ठे सुटले.

मित्रांनो, माझा रंग जागोजागी उडाला आहे. तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला ओलं फडकं लावू नका, लाकूड फुगतं. कोरड्या कापडाने पुसा. पण कुणाचं गणित चुकलं असेल, तर थोडं थांबा. खडू त्याच्याच हातात राहू द्या.