वरच्या वावरातला कोबी

विल्मा आत्यानं सभेत हात वर केला, तेव्हा मागच्या रांगेतले काही जण आधीच गालात हसले. स्कारवे गावात आत्याचा हात वर गेला की कुणाची तरी खरडपट्टी निघणार हे ठरलेलं. आज तर समोरच्या टेबलाशी तिची सख्खी भाचीच बसली होती.

भाचीचं नाव इशबेल मॅन्सन. गावाच्या पश्चिमेला, समुद्राच्या कड्यावर, तारेच्या कुंपणाआड जुनं अणुसंशोधन केंद्र होतं. तिथली माती साफ करणाऱ्या पथकाची ती प्रमुख. भट्ट्या थंड होऊन एक पिढी उलटली होती. इमारती एकेक करून पाडून झाल्या होत्या, इंधन कधीच हलवलं होतं. उरली होती ती माती. ती निर्मळ झाली की कुंपण निघायचं, जमीन गावाच्या हवाली व्हायची आणि केंद्राचं नाव नकाशावरून जायचं.

"सगळं समजलं गं मला," आत्या म्हणाली. "पडद्यावरचे रंगीत ठिपकेही छान आहेत. आता साध्या भाषेत सांग. वरच्या वावरात पिकलेलं तू खाशील का?"

हॉलमधली डोकी इशबेलकडे वळली. वरचं वावर म्हणजे कुंपणाच्या आतला उतरणीचा तुकडा. कधीकाळी तो आत्याच्या वडिलांचा, म्हणजे इशबेलच्या आजोबांचा होता. सरकारला केंद्र बांधायचं होतं, जमीन गेली. केंद्राच्या कागदांत त्या तुकड्याला नुसता क्रमांक होता, पण गाव अजून 'मॅन्सनांचं वरचं वावर' असंच म्हणायचं.

"खाईन," इशबेल म्हणाली.

"बोलायला काय जातंय."

"मग लावूनच दाखवते. थंडी सरली की तिथं बटाटे लावते. तपासणीत उतरले आणि सरकारी निरीक्षकांनी परवानगी दिली, तर याच हॉलमध्ये शिजवीन आणि तुझ्यासमोर बसून खाईन."

"बटाट्याचं काय कौतुक? बटाटा दगडावरही येतो. माझ्या सूपमध्ये कोबी लागतो. कोबी लाव."

लोक खो खो हसले. इशबेलही हसली. पण हसता हसताच तिच्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं.

"लावते," ती म्हणाली. "कोबी तर कोबी."

बाहेर गाडीशी फर्गस टुलक तिची वाट पाहत होता. तो केंद्राचा व्यवस्थापक, दक्षिणेकडून आलेला, माणूस सरळ. पण जमीन गावाला परत देण्याच्या समारंभाची तारीख ठरल्यापासून त्याची झोप उडाली होती.

"हे काय कबूल करून बसलीस?" तो म्हणाला. "बटाटे ठीक होते. भाजीपाल्याचं झेंगट कशाला?"

"कारण आत्यानं चेष्टेत नेमकी भाजी सांगितली. तिला ठाऊक नाही, पण मला ठाऊक आहे ना." इशबेलनं टोपी कानांवर ओढली. वारा उभं राहू देत नव्हता. "फर्गस, आपली यंत्रं शेतातून फिरवून आपण काय शोधलं? किरणोत्सारी सिझियम. तो जिथं सांडेल तिथं चिकणमातीला गोचिडासारखा चिकटून बसतो आणि वर बोंबलत राहतो. यंत्राला लगेच ऐकू येतो. त्याचा जोडीदार स्ट्रॉन्शियम तसा नाही. तो पाण्याबरोबर सरकतो आणि त्याचे किरण बोटभर मातीतूनही वर येत नाहीत."

"म्हणून तर आपण माती उकरून प्रयोगशाळेत पाठवली. स्वच्छ आली."

"जिथं उकरली तिथली स्वच्छ आली. दोन खड्ड्यांच्या मधून एखादी बारीक धार निसटून गेली असेल तर? झाडाला स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. आणि कोबी कॅल्शियमचा अधाशी. त्याच्या मुळ्या सगळीकडे शोधत फिरतात. आपल्याला फुकटचा तपासनीस मिळतोय."

फर्गसनं गाडीचं दार उघडलं. "तुम्हा मॅन्सन बायकांपुढे कुणाचं काही चालतं का?"

"नाही," इशबेल म्हणाली.

निरीक्षकांनी अटी घालून परवानगी दिली. वसंतात वावरात बटाटे आणि कोबीची रोपं लागली. सशांसाठी जाळी, वाऱ्यासाठी कापडी आडोसा, असा सगळा थाट. उन्हाळाभर विल्मा आत्या आपल्या मेंढ्या बघायला म्हणून कुंपणापर्यंत यायची आणि तारेपलीकडून टोमणे मारायची.

"अळ्या पडल्यात बघ. अळ्यांना चालतोय वाटतं तुमचा अणू."

"अळ्यांची तपासणी करू का, आत्या?"

"कर. त्यांचाही दाखला हॉलमध्ये लाव."

कोबी मात्र झोकात आला. गड्डे भरले, पानं निळसर हिरवी झाली. यंत्रचालक हेक्टर गन, ज्यानं आयुष्यात भाजीला हात लावला नव्हता, तोही जेवणाच्या सुट्टीत येऊन बघून जायला लागला.

शरदात गड्डे कापून प्रयोगशाळेत गेले. निकाल आले तेव्हा इशबेल आपल्या खोलीत एकटीच होती. बटाटे स्वच्छ. कोबी स्वच्छ. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यातल्या ओळीत स्ट्रॉन्शियम होता. फार नाही, खाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. पण शेजारच्या ओळींच्या मानानं चांगलाच जास्त.

तिला भीती वाटली नाही. चोराचं पाऊल दिसल्यावर माग काढणाऱ्याला जसं वाटावं तसं वाटलं. ती उठली आणि फर्गसच्या खोलीत गेली.

फर्गसनं आकडे दोनदा वाचले. "हे तर मर्यादेच्या आत आहे. निरीक्षकही अडवणार नाहीत. इशबेल, निमंत्रणं गेलीत. मंत्री येणार आहेत."

"कोबी खायला हरकत नाही, हे खरं. पण त्याला हे वाढलं कुणी? शेजारणीच्या पानात नाही, फक्त हिच्या पानात कसं पडलं? खाली धार आहे. धार आहे म्हणजे वर कुठंतरी साठाही आहे. तो सोडून मी जमीन साफ झाली म्हणणार नाही."

"आणि गावाला काय सांगायचं?"

"कोबीत सापडलं, म्हणून सांगायचं."

"त्या हॉलमध्ये? तुझ्या आत्यासमोर?"

"आत्याला आधी घरी जाऊन सांगते. सभेत कळलं तर ती मला जन्मभर सोडणार नाही."

फर्गसनं फोन ओढला. "मंत्र्यांना मी कळवतो," तो म्हणाला. "शिव्या खायचं काम माझं. तू खोद."

आत्याच्या स्वयंपाकघरात चुलीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, ढेपा धुमसत होत्या. तिनं न विचारता ओटच्या पिठाचे कडक ओटकेक आणि घरचं चीज पुढ्यात ठेवलं. इशबेलनं सगळं सांगितलं, आकडेही सांगितले, काहीही सौम्य न करता.

आत्या चहा ढवळत राहिली. "म्हणजे अणुवाल्यांवर विश्वास ठेवू नये, हेच खरं."

"मीही अणुवालीच आहे. आणि सांगायला मीच आलेय."

"ते दिसतंय मला." आत्यानं कप खाली ठेवला. "माझ्या मेंढ्यांना काही?"

"नाही. कुंपणाबाहेरचं गवत आणि विहीर तातडीनं प्रयोगशाळेतून तपासून घेतली. तुझ्याकडे काही नाही. असतं तर आधी ते सांगितलं असतं."

"मग इथं बसून चीज काय चापतेस? जा, काढ ते."

हॉलमधली सभा इशबेलला वाटली होती तितकी अवघड गेली नाही. काहीजण रागावले. एकानं, म्हणजे तुम्ही इतकी वर्षं आम्हाला फसवत होता, असंही सुनावलं. इशबेलनं मान खाली घातली नाही. "फसवलं असतं तर आज इथं आलेच नसते," ती म्हणाली. "कुठं आहे ते अजून मला माहीत नाही. पण कसं शोधायचं ते माहीत आहे, आणि शोधल्याशिवाय मी इथून हलत नाही." मागून आत्या नुसती म्हणाली, "बसा रे खाली. पोरगी काम करतेय." आणि सभा निवळली.

थंडी पडायच्या आत काम सुरू झालं. कोबीच्या त्या ओळीपासून उतरणीवर वरच्या अंगाला, थोड्या थोड्या अंतरावर बारीक नळ्या जमिनीत ठोकून माती उपसायची. प्रयोगशाळेनं बोट दाखवलं की त्या बाजूनं पुढे सरकायचं. धार खरोखरच बारीक होती. कधी हाताला लागायची, कधी हुलकावणी द्यायची. वाटेत बर्फ पडलं, गारा झाल्या, एकदा वाऱ्यानं खड्ड्यावरचा तंबूच उचलून कड्याकडे नेला आणि हेक्टर त्याच्यामागे शिव्या देत पळाला.

मग एके सकाळी हेक्टरच्या यंत्राची बादली दगडावर खरवडली. त्यानं यंत्र थांबवलं. "खडक लागला," तो ओरडला.

इशबेल पांढऱ्या कपड्यांत खड्ड्यात उतरली आणि खुरप्यानं माती बाजूला करत गेली. खडक नव्हता तो. चपट्या फरशा दोन्ही बाजूंना उभ्या रोवलेल्या होत्या, वर आडव्या फरशा झाकणासारख्या, आणि मधे हातभर रुंद पोकळी. पोकळीत काळा गाळ. तिनं मोजणीयंत्र गाळाला जवळजवळ टेकवलं, आणि ते करकरायला लागलं.

इशबेल त्या फरशांकडे बघत राहिली. उभ्या फरशांचे काठ घासून एकमेकींना असे बिलगवले होते की मधे नखही जाऊ नये. असं काम तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. आत्याच्या गोठ्याची भिंत अशीच होती, घरामागचं मेंढ्यांचं आवार असंच होतं. केंद्र यायच्या कितीतरी आधी, पाणथळ वावर कोरडं करायला आजोबांनीच हा दगडी चर जमिनीत पुरला होता. केंद्राच्या एकाही नकाशात तो असायचं कारण नव्हतं. वर पुढे केंद्राची एक प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या सांडपाण्याचा हौद कधीतरी पाझरला, आणि ते पाणी आजोबांच्या चरानं गुपचूप, इमानानं वावरात आणून सोडलं. ती प्रयोगशाळा पाडली तेव्हा तिच्याखालची माती काढली होती. चर मात्र त्याच्याही खालून गेला होता.

संध्याकाळी तिनं आत्याला बोलावून घेतलं. तंबूच्या बाहेर, आखलेल्या दोरीपाशी उभं राहून आत्यानं आत पाहिलं. वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा रुमाल फडफडत होता.

"बाबांचं काम आहे," ती म्हणाली. "कुणी सांगायला नको."

"काढावा लागेल, आत्या. सगळा. दगडही."

आत्याचा चेहरा क्षणभर सैल झाला. तिच्या वडिलांचं त्या वावरात उरलेलं तेवढंच होतं. सांत्वन करणं दोघींनाही जमत नसे.

"ते वावर गेलं तेव्हा बाबा वर्षभर नीट बोलले नव्हते," आत्या म्हणाली. "आणि बघ, जाताना पाणी मात्र चालू ठेवून गेले." मग ती यंत्राकडे वळली. "हेक्टर, नीट काढ रे. मॅन्सनांची बांधणी आहे. तुझ्या यंत्राला घाम फुटेल."

"फुटलाच आहे," हेक्टर म्हणाला.

घाम सगळ्यांनाच फुटला. एकेक फरशी उचलायची, धुवायची, तपासायची. गाळ भरून पोलादी पेट्या बंद करायच्या. पाझर खाली ठिसूळ खडकाच्या भेगांत गेला होता, तिथं खडक छिन्नीनं खरवडायचा. पाझराचा माग हौदाच्या जुन्या जागेपर्यंत काढत जायचं, आणि तिथलाही साठा उपसायचा. मधे एकदा पथकातले दोघे म्हणाले, आता पुरे, आकडे खाली आलेत. इशबेलनं स्वतः गुडघ्यांवर बसून भेगेतली माती चमच्यानं काढली आणि प्रयोगशाळेत पाठवली. ती अजून मळलेली निघाली. त्यानंतर कुणी 'पुरे' म्हणालं नाही. शेवटची माती स्वच्छ आल्याचं कळलं तेव्हा कड्यावर पक्षी घरटी करायला परतले होते.

नवी माती भरली आणि त्याच कोपऱ्यात पुन्हा कोबी लागला. समारंभ वर्षभर पुढे गेला होता. फर्गसनं वरच्यांना, कोबी तयार झाल्याशिवाय तारीख देणार नाही, असं कळवून टाकलं होतं, आणि हे सांगताना त्याला अलीकडे चक्क मजा यायला लागली होती. या वेळी ईशान्येची ओळ आणि गावातल्या कुठल्याही परसातली ओळ यांत फरक निघाला नाही. निरीक्षकांनी जमीन मोकळी केली.

हॉलमध्ये मोठ्या पातेल्यात मटणाचं सूप झालं, सातूचे दाणे आणि वरच्या वावरातला कोबी घालून. इशबेल आत्यासमोर बसली आणि वाडगाभर प्यायली. आत्या बघत होती. मग तिनं स्वतःचा वाडगा पुढे केला, एक चमचा तोंडात घेतला.

"मिठाला कमी आहे," ती म्हणाली, आणि वाडगा संपवला.

कुंपण निघालं त्या दिवशी भाषणं झाली, मंत्री थंडीनं लाल होऊन गेले. पाहुणे पांगल्यावर हेक्टर तारेची भेंडोळी गुंडाळत राहिला. आत्या इशबेलचा हात धरून वावर ओलांडून कड्यापर्यंत चालत गेली. तिथं आत्या याआधी लहान पोर असतानाच गेली होती. खाली लाटांत काळे खडक डोकी काढत होते, आणि त्यांवर सील पहुडले होते.

"तुझी नोकरी संपली म्हणायची," आत्या म्हणाली.

"इथली संपली. इंग्लंडातल्या एका जुन्या केंद्रानं बोलावलंय. तिथली माती याच्यापेक्षा वाईट आहे."

"जमेल?"

"जमेल."

"मग जा. वावरात ओट पेरायचे की मेंढ्या घालायच्या, ते मी बघते. उद्या समिती बसणार आहे. गन मंडळींना मेंढ्या हव्यात." आत्यानं रुमाल घट्ट बांधला. "त्यांना काय हवंय ते मी बघतेच."

दोघी वाऱ्याला पाठ देऊन बराच वेळ तिथं बसल्या, आणि आत्या कुठल्या खडकावर कुणाची होडी आपटली होती ते सांगत राहिली.