बिनपाण्याची बॅटरी

"मग जुन्याच जातीच्या बसवू," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पाणी घालावं लागतं तर लागू दे. दादा आहेत की!"

बॅटरीघराच्या पायऱ्यांवर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्तीची वीज म्हणजे सौर पॅनल, टेकडीवरची पवनचक्की आणि दोन्ही रुसले की डिझेलचं जनित्र. पण मिळालेली वीज साठवायची ती या बॅटऱ्यांत, आणि त्यांनी आता साफ मान टाकली होती. त्यांना पाणी पाजण्यातच दादांचं अर्धं आयुष्य गेलं. सगळे त्यांना पाणीदादाच म्हणायचे. खरं नाव त्यांच्या बायकोलाही चटकन आठवलं नसतं.

नव्या बॅटऱ्यांसाठी आलेली इंजिनिअर मुलगी चाचरली. "जुन्याही चालतील. पण ढगाळ दिवस लांबले की त्या पुऱ्या भरत नाहीत, आणि अर्धवट राहून राहून खराब होतात. लिथियमला त्याचं काही नाही. पाणीही नको. फक्त..." दादांकडे बघून तिनं पुढचं गिळलं.

फक्त काय, ते दादांना कळलं. पाणी नको म्हणजे दादाही नकोत.

"बॅटरीचं काय घेऊन बसलात?" दुकानदार म्हणाला. "ढग आले तर दिवे मालवू. आजवर मालवलेच ना?"

दादांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. एवढी माया! तेवढ्यात त्यांचं लक्ष नर्सबाईंकडे गेलं. मागे ढगाळ हवेत दवाखान्याचा फ्रिज बंद पडून लसी वाया गेल्या, तेव्हा याच बाईनं दादांना चांगलं फैलावर घेतलं होतं. आज मात्र ती खाली मान घालून गप्प! दादांच्या ते जिव्हारी लागलं.

"ओ ताई, तुमची का दातखीळ बसली?"

"दादा, मी काय बोलू..."

"काय बोलू म्हणजे? तेव्हा बरं तोंड चालत होतं!" दादा भडकलेच. "माझ्या पोटासाठी पोरांच्या लसी नासवणार होय? मला काय पोसायला घेतलंय तुम्ही? ए मुली, लिथियमच मागव."

"पण दादा, तुमचं..."

"माझं मी बघेन."

नर्सबाई डोळे पुसत उठल्या.

नव्या बॅटऱ्या सुरू करायच्या दिवशी दादांना आग्रहानं बोलावलं. बायकोनं ठेवणीतला पांढरा शर्ट काढून दिला. बॅटरीघरात आजवर चांगला कपडा कधी गेलाच नव्हता. ॲसिडचा थेंब उडाला की भोक पडायचं. जन्मभर ती त्यांचे शर्ट रफू करत आली होती. दादा तो घालून गेले, नव्या कपाटांपाशी उभे राहिले, बॅटरीघराची किल्ली देऊन परत आले.

संध्याकाळी तिनं सवयीनं शर्ट उजेडात धरला. पुढून पाहिला, मागून पाहिला, बाह्या पाहिल्या.

"जसाच्या तसा आलाय हो," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

"अगं वेडे," दादा म्हणाले, "शर्ट चांगला राहिला म्हणून कुणी रडतं का?"