दोनदा भाजलेलं

कोशकाराने उमेदीची सगळी वर्षं इंग्रजी शब्दांची कुळं शोधण्यात घातली, चार जाडजूड खंड काढले, आणि ते लोकांच्या कपाटांत जाऊन बिनघोर झोपले. भेटेल तो "केवढं काम केलंत!" म्हणे आणि खंड हातात घेऊन, वजन बघून, परत ठेवून देई. आपलं लिहिलेलं कुणीतरी एकदा वाचावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

म्हणून बेकरीवाल्या मेहुण्याने पुड्यावर छापायला 'बिस्किट' या शब्दाबद्दल दोन ओळी मागितल्या, तेव्हा तो हरखून गेला. त्याने लिहिलं, शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन, अर्थ दोनदा भाजलेलं. लांबच्या सफरीत टिकावं म्हणून खलाशांचं खाणं असं पुन्हा भाजत. खाली स्वतःचं नाव घालायला तो विसरला नाही.

ओळी वाचल्या गेल्या. इतक्या, की गिऱ्हाइकं काउंटरवर कोपर टेकून विचारायला लागली, तुम्ही कितीदा भाजता? मेहुणा एकदाच भाजत होता. ओळी काढून टाकतो, म्हणाला. कोशकाराने साफ सांगितलं, "ओळी राहू दे. बिस्किटं सुधार."

मेहुणा भाऊजींच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने ट्रे पुन्हा भट्टीत सारले. त्या मालाने एका वकिलाची कवळी दुभंगली आणि बघता बघता दुकान ओस पडलं. मग तो उतरल्या चेहऱ्याने बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"भाऊजी, दुसरा काही अर्थ नाही का हो या शब्दाला?"

होता. कोशकाराला तो पाठ होता. पण तो सांगितला की ओळी जाणार, आणि ओळींबरोबर नावही. अर्धवट अर्थ सांगणाऱ्या माणसाला त्याने उभ्या जन्मात माफ केलं नव्हतं. आता मात्र त्याने चहावर फुंकर घातली आणि "नाही" म्हणाला.

बायको गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभी होती.

"आहे की," ती म्हणाली. "तिकडे अमेरिकेत एकदाच भाजलेल्या मऊ पावालाही बिस्किटच म्हणतात. तुमच्याच पहिल्या खंडात आहे."

"तुला काय ठाऊक?"

"दूध तापेपर्यंत रोज पान-दोन पानं वाचते. चारही खंड झाले."

मेहुणा चहा तसाच टाकून छापखान्याकडे पळाला. कोशकार जागच्या जागी बसून राहिला. ज्या वाचकाची इतकी वर्षं वाट पाहिली तो घरातच निघाला होता, आणि तोंड उघडलं ते नेमकं आपली लबाडी पकडायला. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून आनंद जास्त झाला. धीर करून त्याने विचारलं, कसं वाटलं?

बायकोने गॅस बंद केला.

"चांगलं आहे. पण 'एस'च्या पुढे जरा उरकलंय."