हिरव्या दोऱ्याची इटली

मी फसले हे सांगायला मला लाज वाटत नाही. कशात फसले ते सांगायला वाटते. नऊ वर्षं उल्हासनगरात, कॅम्प दोनमध्ये, मी स्वतः डुप्लिकेट बॅगा शिवल्या आणि आता या वयात चांगले पैसे देऊन डुप्लिकेट बॅगच विकत घेतली. पट्टीच्या पोहणाऱ्याने गुडघाभर पाण्यात गटांगळ्या खाव्यात, तसलाच प्रकार.

झालं असं, की माझ्या तेजस्वीला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली. लहानपणापासून पोरीला सगळं स्वस्तातलं, नाहीतर कुणाचं तरी वापरलेलं मिळालं. म्हटलं, जाताना एक तरी अस्सल वस्तू आईच्या हातून घेऊन जाऊ दे. नवी इटालियन बॅग आपल्या सात पिढ्यांना झेपायची नाही. पण अंबरनाथची एक सोनिया घरातूनच जुन्या ब्रँडेड वस्तू विकते, तिच्याकडे गेले. पोरगी सज्जन. तिनेही ती बॅग अस्सल समजूनच कुणाकडून तरी घेतली होती.

"व्हिंटेज पीस आहे काकी, वीस वर्षं कपाटातच होता," ती म्हणाली.

मी बॅग उलटीपालटी केली, शिवणीवरून नख फिरवलं आणि वर तिलाच शहाणपण शिकवलं, "बघ, याला म्हणतात इटलीचं काम. आपल्याकडे इतका सरळ टाका कुणाला येतो!"

बदलापूरला घरी आले. आतल्या खिशाचं अस्तर जरासं उसवलं होतं, ते शिवायला बसले. अस्तर उलटलं आणि सुई हातातच राहिली. आत कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हिरव्या दोऱ्याचा इवलासा टाका होता.

हिरवा म्हणजे जनी.

धर्मेशशेठच्या कारखान्यात आम्ही चौघी अस्तराच्या कामाला होतो. माल रिटर्न आला तर चूक कुणाची ते कळावं, म्हणून शेठने प्रत्येकीला दोऱ्याचा एकेक रंग नेमून दिला होता. माझा निळा, जनीचा हिरवा. चामडं धारावीचं, अस्तर कॅम्प दोनचं आणि छाप परदेशी. त्या बॅगेचं खरं नाव आम्हाला धड उच्चारता येत नसे, आम्ही तिला 'इटली'च म्हणायचो. "आज किती इटल्या झाल्या गो?" मशीन न थांबवता जनी विचारायची. दुपारी खालच्या गाडीवरून दाल-पकवान यायचं. चामडं चिकटवायच्या सोल्युशनच्या वासातच आम्ही जेवायचो आणि शेठ आम्हाला सिंधीत ताई म्हणत जिन्यावरून ओरडायचा, "अडी, जल्दी करो, माल आज ही निकलना है!" तो वास अजून कुठे आला, की मला भूक लागते. त्या खोलीत जेवढी हसले, तेवढी पुढे कुठेच हसले नाही.

पण तेजस्वीच्या शाळेच्या फॉर्मवर मी 'एक्स्पोर्ट कंपनीत सुपरवायझर' असं लिहिलं. कारखान्यावर दोनदा धाड पडली होती. पोरीला कुणी चिडवू नये, एवढंच मनात होतं. पुढे कारखाना बंद पडला, खोटं मात्र चालू राहिलं.

आता बॅग खोटी आहे असं तिला सांगायचं, तर मला ते कसं कळलं हेही सांगावं लागणार. गप्प बसावं आणि अस्सल म्हणून देऊन टाकावी, असंही मनात येऊन गेलं. काही सुचेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी बॅग पिशवीत घातली आणि शेअर रिक्षाने वांगणीला जनीकडे गेले. ती आता तिथल्या नव्या बिल्डिंगीत राहते.

"घे, तुझी इटली," मी म्हटलं. "मला चांगलंच फसवलंस."

जनी पोट धरून हसली. मग तिने अस्तरात बोटं घातली आणि हसायची थांबली.

"चिमे, दोरा माजा हाय. पन ही माजी नाय."

"हिरवा तुझाच ना?"

"माजाच. पन मी एक गाठ मारून कापायची. तू भित्री, माल परत येल म्हनून दोन मारायचीस. हात लावून बग, दोन हायेत." तिने माझं बोट त्या गाठींवर टेकवलं. "माज्या कल्पेशच्या बाळंतपनाला मी घरी व्हते, दीड म्हैना. माजी जागा जाऊ नये म्हनून तू दोघींचं काम वढलंस, माज्या दोऱ्यानं. इसरलीस?"

विसरले होते. तेजस्वी तेव्हा चार वर्षांची होती. तिला शेजाऱ्यांकडे ठेवून मी दुप्पट काम करायचे आणि घरी आले की तिला उचलायला हात वर होत नसत. ते सगळं आठवलं आणि मी जनीच्या पलंगावर बसून मोकळेपणाने रडले. वाईट वाटलं म्हणून नाही. ते दिवस मी लपवून लपवून स्वतःच हरवले होते, म्हणून.

घरी आले तेव्हा तेजस्वी सामान भरत होती. मी बॅग तिच्या हातात दिली.

"आई! ओरिजिनल?"

"नाही. डुप्लिकेट आहे, आणि मीच शिवलेली आहे. मी कधी सुपरवायझर नव्हते. कॅम्प दोनला असल्याच बॅगा शिवायचे."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. बॅग मांडीवर घेऊन खाली बसली.

"बॅग खोटी निघाली त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण पाचवीत मी 'माझी आई' निबंध लिहिला होता. पहिला नंबर आला होता. तो मग कुणावर लिहिला मी?"

"चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

तिने आतलं अस्तर उलटून तो हिरवा टाका बघितला. मग तिने सुटकेस बाजूला सरकवली आणि मला बसायला जागा केली.

"सांग. सगळं सांग, काही गाळू नकोस."

मी तिच्या शेजारी बसले. घसा साफ केला.

"आमच्या कंपनीत ना—"

"कारखाना," तेजस्वी म्हणाली.